चोपन्न मीटर

थोरल्या बाईंनी टेबलाच्या मधोमध कापडाचा पडदा लावून घेतला, तेव्हा कारखान्यात कुणी चकार शब्द काढला नाही. पडद्याच्या अलीकडे त्यांचे शहर, पलीकडे सुनेचे. काम चार महिने चालायचे होते, आणि या चार महिन्यांत एकीने दुसरीच्या बाजूला डोकावायचे नाही, असा हुकूम सुटला होता.

"नक्कल व्हायला नको," थोरल्या बाई म्हणाल्या.

"कुणाची, सासूबाई?" सुनेने विचारले. "तुमच्या बाजूला नक्कल करण्याजोगं आहे तरी काय?"

"पडदा उघडला की कळेल."

कारखाना लाकडी प्रतिकृतींचा होता. पूल, धरणे, इस्पितळे, कधी एखादे अख्खे शहर. जमिनीवर मोठे असलेले सारे येथे टेबलावर मावेल एवढे होई. सासऱ्यांनी तो काढला, नवऱ्याने वाढवला आणि नवरा गेल्यापासून सत्तावीस वर्षे थोरल्या बाईंनी एकहाती चालवला. वय शहात्तर, पाठ ताठ, आणि नजर अशी की पट्टी न लावता अर्धा मिलिमीटर कमी-जास्त सांगावा. प्रत्येक प्रतिकृतीच्या कडेला त्या स्वतःच्या हाताने पितळी शिक्का ठोकत. त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की यातले माप खरे आहे. त्याच्या जोरावर न्यायालयांत खटले सुटले होते आणि दोनदा पुलांचे आराखडे बदलले होते.

आता त्यांच्या टेबलावर एकाच नदीवरची दोन शहरे आली होती. वरच्या अंगाला टेकड्यांमधले त्यांचे शहर, आणि जिथे नदी समुद्राला मिळते तिथे सुनेचे माहेर, बंदर. दोघांचे वैर इतके जुने, की ते कशावरून सुरू झाले हे सांगायला कुणी उरले नव्हते. बंदरात नाटकगृह झाले, की इकडे त्याहून दहा खुर्च्या जास्त असलेले नाटकगृह होई. इकडे ट्राम धावली, की तिकडे दोन मजली ट्राम धावे. मोठा वाद मात्र उंचीचा होता. इकडचे घंटाघर उंच, की तिकडचा दीपस्तंभ? घंटाघरावर जो लोखंडी बाण होता तो इकडचे लोक उंचीत धरत; दीपस्तंभाखाली जो खडक होता तो तिकडचे लोक धरत. त्यामुळे दोन्हीकडची शाळकरी मुले आपापला मनोरा उंच असल्याचे शपथेवर सांगत आणि दोघांनाही पूर्ण गुण मिळत.

सरकारला नवी राजधानी करायची होती आणि दोन्ही शहरे अडून बसली होती. तेव्हा तिघांची एक समिती नेमली गेली. समितीने सांगितले, की दोन्ही शहरे आम्हाला एका टेबलावर, एकाच मापात बघायची आहेत: पाचशेला एक. बंदराने हे काम घंटाघराच्या शहरातल्या कारखान्याला द्यायला मान्यता दिली ती एकाच अटीवर, की आमची बाजू आमची लेक करील. ती लेक म्हणजे आठ वर्षांपूर्वी थोरल्या बाईंच्या घरी आलेली त्यांची सून.

सून जहाजांच्या गोदीत वाढलेली. तिचे वडील जहाजांच्या प्रतिकृती करत, आणि तिचा हात असा बसलेला, की डोलकाठीवरचे दोरही मोजून बांधावेत. कारखान्यात जहाजे, पूल आणि यंत्रे तिच्या वाट्याला येत. शहरे थोरल्या बाई स्वतःकडे ठेवत. दोघी दिवसभर एकमेकींना टोचून बोलत आणि तिसऱ्याने एकीला नाव ठेवले, तर दुसरी त्याच्या अंगावर जाई. थोरल्या बाईंचा मुलगा, ज्याला त्या रागावल्या की चिरंजीव म्हणत, झाडे करायचा. रंगवलेल्या स्पंजाची झाडे लावायला डोके शांत लागते, आणि त्या घरात ते त्याच्या एकट्याकडेच होते.

सोमवारी सकाळी पडदा उघडायचा होता. गुरुवारी समिती येणार होती.

थोरल्या बाईंनी दोरी ओढली. पडदा सरकला, आणि उभ्या कारखान्याच्या तोंडून आपोआप एक हुंकार बाहेर पडला. वार्निशची नदी टेबलभर वळसे घेत खाली गेली होती. वरच्या टोकाला थोरल्या बाईंचे शहर छातीठोक उभे होते: उतरत्या छपरांची आठशे चाळीस घरे, आणि त्यांच्यावर मान काढून घंटाघर. खालच्या टोकाला बंदर नीटनेटके, पण जमिनीला धरून बसलेले. दीपस्तंभ घंटाघराच्या खांद्यापर्यंतसुद्धा पोहोचत नव्हता.

थोरल्या बाईंना हसू आवरेना. "बघा सूनबाई. शाळेत काय शिकवत होते तुम्हाला?"

सुनेने कमरेची पट्टी काढली, दीपस्तंभ मोजला. मग नदीच्या कडेकडेने चालत वर आली आणि घंटाघर मोजले. मग पुन्हा मोजले.

"सासूबाई, घंटाघराचा नकाशा कुठे आहे?"

"कशाला हवा?"

"नकाशात बांधकाम चोपन्न मीटर आहे. म्हणजे टेबलावर एकशे आठ मिलिमीटर हवं. हे एकशे बासष्ट आहे."

थोरल्या बाईंनी तिच्या हातातली पट्टी घेतली. घ्यायची गरज नव्हती. आकडा ऐकताच त्यांच्या ध्यानात आले होते.

सासऱ्यांनी घालून दिलेला एक नियम होता, त्याला कारखान्यात दिडी म्हणत. टेबलावरचे शहर माणूस वरून बघतो. वरून बघणाऱ्याला सगळे चपटे दिसते. म्हणून शहराच्या प्रतिकृतीत लांबी-रुंदी खरी ठेवायची आणि उंची दीडपट करायची, तशी नोंद खाली करायची. सगळीच घरे दीडपट, त्यामुळे आपापसात कुणावर अन्याय नाही. पन्नास वर्षे थोरल्या बाईंचा हात तसाच चालत आला होता. नकाशातला आकडा डोळ्यांनी वाचला, की हात आपणहून दीडपट कापून मोकळा होई. आणि सुनेने, गोदीच्या सवयीने, जेवढ्यास तेवढे केले होते. दीडपट उंचीचे जहाज कुणी करत नाही.

"तुला दिडी ठाऊक नव्हती?" थोरल्या बाईंनी विचारले.

"ठाऊक होती. पण करारात एकच माप लिहिलं होतं. मला वाटलं, या खेपेला दिडी नाही."

"मग विचारलं का नाहीस?"

"पडदा तुमचा होता, सासूबाई."

चिरंजीवांनी एक झाड उचलून उगाच दुसरीकडे लावले.

"आणि दीपस्तंभाच्या नकाशात किती?" थोरल्या बाईंनी हळू विचारले.

"त्रेसष्ट. खडक सोडून."

त्रेसष्ट. थोरल्या बाई टेबलाच्या कडेला हात टेकून उभ्या राहिल्या. चार वर्षांच्या असताना त्या वडिलांच्या खांद्यावर बसून घंटाघराखाली उभ्या राहिल्या होत्या, आणि वडिलांनी सांगितले होते, की याहून उंच माणसाने काही बांधलेले नाही. वडील बंदराला कधी गेलेच नव्हते. त्या स्वतः तरी कुठे गेल्या होत्या? मुलाच्या लग्नालासुद्धा त्यांनी व्याह्यांनाच इकडे बोलावून घेतले होते.

दुपारी नगरसचिव आले. गोल चेहऱ्याचे, मऊ बोलणारे गृहस्थ. नाही म्हणायचे असले तरी आधी तीनदा हो म्हणत. टेबल बघून त्यांचे डोळे पाणावले.

"अप्रतिम! बाई, तुम्ही शहराचे पांग फेडलेत. हे बघितल्यावर समिती दुसऱ्या कुणाला राजधानी देतेच कशी?"

थोरल्या बाईंनी त्यांना दिडीची गोष्ट सांगितली. नगरसचिवांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि रुमालाने चेहरा टिपला.

"हो, हो. समजलं. म्हणजे चूक म्हणायची तर चूक आहे. पण बाई, ती कुणाच्या लक्षात येणार आहे?"

"माझ्या आली."

"तुम्ही घरच्या."

"तिच्याही आली," थोरल्या बाईंनी सुनेकडे बोट दाखवले.

नगरसचिवांनी सुनेकडे बघून अदबीने मान लववली आणि आवाज आणखी मऊ केला. "मग त्यांच्या बाजूचीच उंची वाढवा की. दोघांना दिडी. झाला न्याय."

"आठशे घरं नव्यानं करावी लागतील," सून म्हणाली. "आमच्या बाजूला लाकूड कमी आहे, जास्त नाही. कापून कमी करता येतं, ओढून वाढवता येत नाही. आणि करारात दिडी नाही. माझ्या बंदराला उसनी उंची नको."

"बघा, त्यांना नकोच आहे!" नगरसचिव उत्साहाने म्हणाले. "मग जसं आहे तसं राहू द्या. बाई, तुम्ही याच शहराच्या लेकी ना?"

"म्हणून तर," थोरल्या बाई म्हणाल्या. "माझ्या शहराला चवड्यांवर उभं करून तुम्ही पाहुण्यांपुढे नेणार. का? ते आहे तेवढं तुम्हाला पुरत नाही का? मला पुरतं. मी शहात्तर वर्षं त्यात राहिले, मला कधी ते तोकडं पडलं नाही."

"भावनेचा प्रश्न नाही, राजधानीचा प्रश्न आहे."

"शिक्क्याचा प्रश्न आहे. शिक्का मी ठोकते. यावर ठोकणार नाही."

नगरसचिवांचा मऊपणा तिथे संपला. त्यांनी स्पष्ट सांगितले, की राजधानी हातची गेली तर ती कुणामुळे गेली हे शहराला कळेल. नगरसभेची कामे पुढे कुणाला द्यायची याचाही विचार होईल. शेवटी ते म्हणाले, "घरात सून बंदराची असली, की असं व्हायचंच."

सून पुढे सरसावली, पण थोरल्या बाईंनी तिला हातानेच थोपवले.

"सचिवसाहेब, माझ्या सुनेला बोलायचं काम या घरात माझं आहे. ते मी रोज करते आणि चांगलं करते. त्यात मला मदतनीस नको. दार तिकडे आहे."

नगरसचिव गेल्यावर चिरंजीव चाचरत म्हणाले, "आई, शिक्क्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं तर? वरच्या बाजूला दिडी आहे म्हणून?"

"बारीक अक्षरांत कोण लिहितो? ज्याला वाचलं जायला नको असतं, तो. करवत आण."

थोरल्या बाईंनी पहिल्यांदा घंटाघर उचकटले. दोन महिने त्यावर घातले होते. कमानी सुईच्या टोकाने कोरल्या होत्या. मनोरा वर निमुळता होत गेलेला, त्यामुळे नुसता तळ कापून भागत नव्हते. त्यांनी तो करवतीखाली धरला आणि मधोमध दोन तुकडे केले, म्हणजे पुन्हा मोह व्हायला नको. मग देवदाराचा नवा ठोकळा घेतला आणि त्यावर पेन्सिलीने एकशे आठवर रेघ मारली. रेघ केसभर वर गेली होती. त्यांनी ती पुसून पुन्हा मारली.

घरांचे काम त्या मानाने सोपे होते. ती साधी ठोकळ्यांची होती, वर छपराचा उतार तेवढा. प्रत्येक ठोकळा खुंटीवर बसवलेला. तो उपटायचा, तळातून एक तृतीयांश रंध्याने काढायचा, पुन्हा भोक पाडून बसवायचा. आठशे चाळीस वेळा. सुनेने न सांगता रंधा उचलला.

"तू आपली बाजू सांभाळ," थोरल्या बाई गुरगुरल्या.

"माझी झाली. तुमच्यासारखी दोनदा नाही करावी लागली."

"जीभ बरी चालते. हातही तेवढा चालव."

"तुमचं शहर कापायला मला कंटाळा यायचा नाही, सासूबाई. आठ वर्षं वाट बघतेय."

तीन दिवस कारखान्यात भुश्शाचा थर साचत गेला. ओळीमागून ओळ शहर खाली बसत होते, आणि थोरल्या बाईंना प्रत्येक गल्ली ओळखू येत होती: ही शाळेची, ही नवऱ्याबरोबर पहिल्यांदा भांडून निघून आल्या ती, ही चिरंजीव हरवले होते ती. वाईट वाटेल अशी त्यांची अपेक्षा होती. पण घरे जशी आपल्या खऱ्या उंचीला येऊ लागली, तसा त्यांना वेगळाच राग येऊ लागला. कुणी आपल्या घरच्या माणसाला बाहेर नेताना टाचा लावलेले बूट घालायला सांगावे, तसा. बुधवारी संध्याकाळी त्यांनी नवे घंटाघर बसवले; कमानी कोरायला वेळ नव्हता, त्या नुसत्या रेखल्या होत्या. मग शिक्का ठोकला. ठोका एवढा जोरात होता, की चिरंजीवांची चार झाडे पडली.

गुरुवारी नगरसभेच्या दिवाणखान्यात समिती आली. अध्यक्ष एक वृद्ध निवृत्त न्यायाधीश होत्या, डोळ्यांवर जाड चष्मा. दोन्ही शहरांचे लोक भिंतींना लागून उभे होते. टेबलावरचे आच्छादन निघाले, आणि दीपस्तंभ घंटाघरापेक्षा चांगला अंगठ्याच्या जाडीएवढा उंच दिसला. एका भिंतीकडून टाळ्या पडल्या. दुसऱ्या भिंतीकडून कुणीतरी ओरडले, "सुनेनं घात केला!"

नगरसचिव लगबगीने पुढे झाले. "अध्यक्षबाई, यात दुरुस्ती आहे. घंटाघराची उंची चौसष्ट मीटर आहे. शहराच्या दप्तरात तशी नोंद आहे. बाईंचं वय झालंय, नजरचूक झाली असावी."

अध्यक्षांनी हातातल्या नकाशावरून नजर उचलून थोरल्या बाईंकडे चष्म्यावरून बघितले. "चौसष्ट की चोपन्न?"

"चोपन्न. चौसष्ट बाणासकट," थोरल्या बाई म्हणाल्या. "बाण लोखंडाचा आहे, दर दहा वर्षांनी काढून रंगवतात. टोपी घालून उंची मोजायची असेल, तर मीही सचिवसाहेबांपेक्षा उंच आहे."

"तोंडी सांगण्याला काय अर्थ आहे?" नगरसचिव म्हणाले. "नकाशासुद्धा चुकू शकतो."

"चुकू शकतो," थोरल्या बाई म्हणाल्या. "घंटाघर समोरच्या चौकात आहे. मोजू या."

"कोण मोजणार?"

"शिक्का ज्याचा, तो."

त्यांनी चिरंजीवांना कारखान्यातून मोजणीची दोरी आणायला धाडले. तिला मीटरामीटरावर लाल गाठ होती आणि टोकाला शिशाचा ओळंबा. अध्यक्षांनी जागेवरून उठून काठी हातात घेतली, तेव्हा बाकीच्यांनाही उठावे लागले. सगळा दिवाणखाना चौकात उतरला. थोरल्या बाईंनी दोरीचे वेटोळे खांद्यावर टाकले आणि घंटाघराच्या दारात शिरल्या. सून मागोमाग आलीच.

"खाली थांब. म्हणतील बंदरवालीनं दोरी ओढली."

"म्हणू देत. तुम्ही मधेच बसलात, तर उचलायला कोण आहे?"

दोनशे ऐंशी पायऱ्या होत्या. थोरल्या बाई पहिल्यांदा नव्वदीला बसल्या, दुसऱ्यांदा दोनशेला. दुसऱ्या वेळी त्यांना बोलवत नव्हते. सून शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिने दोरीचे ओझे आपल्या खांद्यावर घेतले. थोरल्या बाईंनी ते घेऊ दिले.

वर वारा होता. बांधकामाचा कठडा जिथे संपतो तिथे, बाणाच्या खाली, थोरल्या बाईंनी दोरी कठड्याच्या माथ्यावर अंगठ्याखाली धरली आणि ओळंबा खाली सोडला. सून गाठी सोडत गेली. खाली लोक मोठ्याने मोजू लागले. वीस. तीस. आधी एकटेदुकटे आवाज होते, मग सगळा चौकच मोजत होता, इकडचे आणि तिकडचेही. चाळीसनंतर आवाज वाढला. पन्नासला कुणीतरी शिट्टी मारली. एक्कावन्न. बावन्न. त्रेपन्न. ओळंबा फरशीला टेकला, चिरंजीवांनी तो डोलायचा थांबवला, दोरी ताणली गेली.

"चोपन्न!" चिरंजीव आयुष्यात पहिल्यांदा ओरडले.

थोरल्या बाई कठड्यावरून वाकल्या. त्यांचा आवाज कारखान्यात करवतीच्या वरून जायचा. वाऱ्याच्या वरूनही गेला.

"चोपन्न! बोटभर जास्त नाही, बोटभर कमी नाही! हेच आपलं आहे! याच्याखाली आपण जन्मलो, याच्यावर घड्याळं लावली! ज्याला हे कमी वाटत असेल, त्यानं वर येऊन माझ्या तोंडावर सांगावं!"

कुणी वर आले नाही. मग खालून कुणीतरी, बहुधा जो सुनेच्या नावाने ओरडला होता तोच, पुन्हा ओरडला, "चोपन्न!" आणि तो आकडा चौकभर पसरला. लोक आता तो शिवी दिल्यासारखा बंदराच्या लोकांच्या तोंडावर फेकत होते. नगरसचिव कुठे गेले ते दिसले नाही. अध्यक्षांनी कागदावर काहीतरी लिहिले. राजधानी कुणाची होणार, हे त्यांच्या चेहऱ्यावरून सांगणे कुणाला शक्य नव्हते, आणि थोरल्या बाई तिकडे बघतही नव्हत्या. त्या नदीकडे बघत होत्या. नदी घरांमधून वाट काढत दूर धूसर होत गेली होती.

"पुढच्या आठवड्यात बंदराला जायचं," त्या म्हणाल्या.

सून दोरी गुंडाळत होती. ती थांबली. "कशाला?"

"तुझा दीपस्तंभ मोजायला. त्रेसष्ट कागदावर आहे. मी मोजलेलं नाही. शिक्का माझा आहे."

"तिथे तीनशे तीस पायऱ्या आहेत, सासूबाई."

"मग? तुझ्या गावात दमलं की बसायला बंदी आहे का?"

"नाही. पण बासष्ट निघाले तर मला ऐकवाल."

"जन्मभर," थोरल्या बाई म्हणाल्या आणि उतरायला पहिल्या पायरीवर पाय ठेवून त्यांनी हात मागे केला. "धर. आणि हळू. मला घाई नाही."